उजव्या गालावर खूण

आमच्या दैनिकात फोटो छापायचा म्हणजे आधी सुरत गाठावी लागे. नंदुरबारात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे होते, छापायचं यंत्र होतं, शाई होती, भांडणं तर होतीच. पण फोटोवरून ठसा काढून देणारा माणूस नव्हता. ठसा म्हणजे ब्लॉक. लाकडाच्या ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेला आणि त्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी उठवलेला चेहरा. फोटो पाकिटात घालून पॅसेंजरने सुरतेला पाठवायचा आणि ब्लॉक येईपर्यंत तीन-चार दिवस हात चोळत बसायचं. तोवर बातमी शिळी होऊन जायची. म्हणून एकदा केलेला ब्लॉक आम्ही कधी टाकून देत नव्हतो.

माझ्या खुर्चीमागे त्या ब्लॉकांचं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. पुढाऱ्यांची तोंडं एका खणात, साधू-महाराज दुसऱ्यात, पूर, जत्रा आणि कापसाच्या गाड्या तिसऱ्यात. तापीला पूर आला की तोच पूर, सभा झाली की तीच गर्दी. त्या गर्दीत पुढे बसलेला एक फेटेवाला वारल्यानंतरही चार वर्षं सगळ्या पक्षांच्या सभांना हजेरी लावत होता. वाचक हसत, आम्हीही हसायचो. कोणता फोटो घ्यायचा, त्यातला किती ठेवायचा, पानात कुठे बसवायचा हे सगळं मालकांनी माझ्यावर सोपवलं होतं. माझी तिशीही उलटली नव्हती. खिळे जुळवण्यापासून चढत चढत मी टेबलापर्यंत आलो होतो आणि मला वाटे, पेपर माझ्याच जिवावर चालतो.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा भरली होती. दरवर्षीप्रमाणे मी तिसऱ्या खणातून घोड्यांच्या बाजाराचा ब्लॉक काढून पहिल्या पानावर लावला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तापीकाठचा एक शेतकरी कचेरीत आला. गुजर पाटील, साठीचा, अंगात बंडी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. दारातच जोडे काढून तो उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊ, मन्ही आंडेर दवडनी," तो म्हणाला. आंडेर म्हणजे मुलगी. यात्रेत घोड्यांच्या बाजारापाशी ती हरवली होती. बावीस वर्षांची, जन्मापासून मुकी आणि बहिरी. एक घोडा उधळला, माणसं पांगली आणि तिचा हात सुटला. गेले दोन दिवस बापाने नदीचे दोन्ही काठ पालथे घातले होते. कोणी म्हणालं, दोंडाईच्याकडे जाणाऱ्या गाडीत अशी एक बाई पाहिली. दोंडाईचा म्हणजे रेल्वे. रेल्वे म्हटल्यावर त्याचा धीर सुटला होता.

"तिले सोतानं नाव सांगता येत नही, गावनं सांगता येत नही," तो म्हणाला. "घर कोठे आसं ईचारं का ती हात आसा करस." त्याने उजवा हात पसरून डावीकडून उजवीकडे हळूहळू हलवत नेला, बोटं थोडी थरथरवत. "तापी. तिले तितलंच सांगता येस."

मग बंडीच्या आतल्या खिशातून त्याने फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. मुलाच्या लग्नातला, सगळ्या घराचा. बारा-चौदा माणसं, आणि कडेला ती, पदर अर्धा तोंडावर. डाव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. लहानपणी चुलीत पडली होती. हा डाग त्याने मला स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवला. कोणता गाल, हे मी कागदावर लिहूनही घेतलं. अंगावरचं हिरवं लुगडं लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं.

"हाऊ एकच फोटू शे. परत भेटी ना?"

मी हो म्हटलं. फोटो उजेडात धरून मागच्या बाजूने पेन्सिलीने तिच्या डोक्याभोवती चौकट आखली, म्हणजे ब्लॉकवाल्याने तेवढाच चेहरा घ्यावा. लिहिलेला कागद फोटोला टाचणीने लावला आणि दोन्ही पाकिटात घातले. हा माझा पहिला गाढवपणा. कागद सुरतेला जायचं काहीच कारण नव्हतं. पण फोटोबरोबर मजकूर टाचून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती, आणि पद्धत म्हटलं की माणूस डोकं बाजूला ठेवतो.

तो अजून उभाच होता. म्हणाला, "काय लिखं ते एकदाव वाची दखाडा ना भाऊ."

त्या दिवशी एका मंत्र्यांच्या दौऱ्याचा मजकूर आला होता, दोन खिळे जुळवणारे आजारी होते, मालक आतून हाका मारत होते. मी पाकीट बंद केलं आणि म्हटलं, "बाबा, आमचं काम आम्हाला कळतं. छापून आलं की ऐका."

त्याने मान हलवली, जोडे घातले आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी फोटोशिवाय बातमी देता आली असती. आज मला कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण तेव्हा माझ्या डोक्यात फोटोचं भूत होतं. मुकी बाई लोक ओळखणार कशावरून, तोंडावरूनच ना, असं मी मालकांना पटवलं. बातमी फोटोसकटच द्यायची आणि पहिल्या पानावर द्यायची, असा हट्ट धरला. मालकांना तिथे मंत्र्यांच्या हाराचा फोटो हवा होता. मी दोन दिवस भांडलो. शेवटी मंत्री आतल्या पानावर गेले आणि हरवलेल्या मुलीला पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला जागा मिळाली. एवढी मोक्याची जागा मी आजवर कोणासाठीही मिळवली नव्हती. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला खरा.

चौथ्या दिवशी सुरतेहून पुडकं आलं. आत ब्लॉक होता. फोटो नव्हता, माझा कागदही नव्हता. सोबत चिठ्ठी होती की मूळ फोटो मागाहून पाठवतो. पान तर आज लावायचं होतं. अजून दोन दिवस थांबायला माझं मन होईना. तिकडे एक बाप नदीकाठाने हिंडत होता. मजकूर मला बऱ्यापैकी आठवत होता. मुकी, बहिरी, बावीस वर्षं, हिरवं लुगडं, गावाचं नाव. डाग गालावर. कोणत्या गालावर, ते काही केल्या आठवेना.

मी ब्लॉक खिडकीशी नेला आणि तिरका करून उजेडात धरला. जस्तावर डाग स्पष्ट दिसत होता, माझ्या डाव्या हाताला. समोरच्या माणसाचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो, एवढं मला कळत होतं. मी लिहिलं, उजव्या गालावर भाजल्याची खूण.

ब्लॉकवरचं सगळं उलटं असतं. आरशासारखं. छापल्यावरच ते सुलटं होतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझी उमेदवारीची वर्षं उलटे खिळे वाचण्यात गेली होती. इतकी, की मला ते उलटे वाटेनासेच झाले होते. साधा वाचक त्या जस्ताकडे बघून गोंधळला असता, आणि गोंधळला म्हणून दोनदा विचार केला असता. मी गोंधळलो नाही. अक्षरं माझा डोळा आपोआप सुलटी करून घेई. तोंड सुलटं करायचं राहून गेलं आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही.

खाली सहा ओळींची जागा होती. घर विचारलं की हात नदीसारखा हलवते, हे सातव्या ओळीत जात होतं. ती ओळ मी काढून टाकली. बातमीत हे कशाला, असं वाटलं.

आमचा कागद जाडाभरडा आणि शाई भरपूर. अंक निघाला तेव्हा तिच्या तोंडाची एक बाजू काळी झाली होती. डाग कुठला, सावली कुठली, काही कळत नव्हतं. फोटोवरून तिला ओळखणं कठीणच होतं. वाचणाऱ्याला आधार होता तो माझ्या सहा ओळींचा.

मग पाच दिवस काहीच आलं नाही. मी रोज टपाल स्वतः फोडायचो. शिपाई आश्चर्याने बघायचा. जेवायला बसलो की मला त्या म्हाताऱ्याचे दारातले जोडे दिसायचे. सहाव्या दिवशी सकाळी सुरतेहून मूळ फोटो आला आणि दुपारच्या टपालाने नवापूरहून एक कार्ड आलं. कार्ड आमच्या तिथल्या एजंटाचं होतं. हा माणूस स्टेशनवर आमचा पेपर विकायचा आणि इतका काटेकोर की एखादा अंक जरा फाटका गेला तरी कळवायचा. वर नेहमीचंच होतं, गठ्ठा ओला येतो, सुतळी नीट बांधा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

इथे स्टेशनवर एक मुकी बाई गेले काही दिवस होती. तिकीट नसल्याने गाडीतून उतरवलेली. हिरवे लुगडे. आपल्या फोटोतली असेल असे वाटून मी अंक हातात घेऊन दोनदा नीट पाहिले, पण हिचा डावा गाल भाजलेला आहे, उजवा नव्हे. म्हणून आपणांस तसदी दिली नाही. बाई सारखा हात लांब करून गाडी गेल्यासारखे दाखवत होती. सुरतेस अशा बायकांसाठी आश्रम आहे असे ऐकल्यावरून गावातल्या चार जणांनी तिला काल सकाळच्या गाडीत बसवून दिले.

मी कार्ड वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं, चला, ही वेगळीच. मग टेबलावरच्या फोटोकडे नजर गेली. डाग माझ्या उजव्या हाताला होता. मी कपाटातून ब्लॉक काढला आणि फोटोशेजारी ठेवला. दोन तोंडं एकमेकांकडे बघत होती. टाचणीला माझा कागद तसाच लटकलेला होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, डावा गाल.  मी कार्ड पुन्हा उचलून खालची बारीक अक्षरं वाचली.

ती हाताने गाडी दाखवत नव्हती. ती तापी दाखवत होती. घरी न्या, असं ती त्या फलाटावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, आणि सज्जन माणसांनी तिला उलट दिशेच्या गाडीत बसवून दिलं.

मिळाली त्या गाडीने मी नवापूरला गेलो. एजंट स्टेशनवरच भेटला. मी त्याला चूक सांगितली तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "साहेब, मी घरून भाकरी आणून देत होतो तिला. मी वाचून बघितलं होतं. दोनदा वाचलं होतं." त्याचा काय दोष? तो एकटाच असा निघाला की ज्याने आमचा पेपर शब्दाला शब्द धरून वाचला. तसाच पुढे सुरतेला गेलो. आश्रमात अशी कोणी आली नव्हती. मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरली की सुरतेच्या गर्दीत मिसळली, कोण सांगणार? दोन दिवस मी त्या शहरात प्रत्येक हिरव्या लुगड्यामागे धावलो. एका बाईच्या नवऱ्याने माझी गचांडी धरली. तिसऱ्या दिवशी एका धर्मशाळेच्या पायरीवर बसून मी रडलो. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

परत आल्यावर मालकांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, फोटो पुन्हा लाव, पाहिजे तर पहिल्या पानावर लाव, पण आपण चुकलो असं लिहू नकोस. एकदा तसं लिहिलं की उद्या लोक आपल्या कुठल्याच ओळीवर विश्वास ठेवणार नाहीत. मी भांडायला हवं होतं. मंत्र्यांचा हार आत ढकलायला दोन दिवस भांडणारा मी त्या दिवशी गप्प बसलो. तोच ब्लॉक, तोच कोपरा. फक्त उजव्याचं डाव्या केलं आणि सातवी ओळ घातली, हात नदीसारखा हलवते. आणखी तीनदा छापलं. सुरतेच्या एका गुजराती पेपरालाही मी ब्लॉक उसना पाठवला, त्यांनी तो छापून परत केला. कुठूनच काही कळलं नाही.

म्हातारा आला तो त्यानंतर, बाजाराच्या दिवशी. आणखी वाळला होता. या वेळी मी बसा म्हणायच्या आत तो खाली बसला, भिंतीला टेकून. खिशातून त्याने पहिल्या अंकातलं कात्रण काढलं. घड्यांवर फाटत आलेलं, तेलकट झालेलं. ते घेऊन तो शहाद्यापर्यंत गेला होता, तळोद्याला गेला होता, डोंगरात मोलगीच्या बाजारापर्यंत चालत गेला होता. जो वाचणारा भेटेल त्याच्याकडून वाचून घेई आणि ऐकणाऱ्यांना विचारी, अशी कोणी दिसली का.

मी ठरवलं होतं की आज सांगायचं. आणि सांगितलं. ब्लॉक काढून त्याच्या हातात दिला, फोटो शेजारी धरला. जस्तावर चेहरा कसा उलटा असतो, मी कसा फसलो, गाल कसा चुकला, नवापूरला काय झालं, सगळं. मधे थांबलो असतो तर पुढे बोलू शकलो नसतो, म्हणून एका दमात सांगून टाकलं. मग तो मला मारेल याची वाट पाहत उभा राहिलो. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो ब्लॉकवर अंगठा फिरवत होता, डागाच्या जागी. त्याने वर पाहिलंही नाही.

"माले मालूम व्हतं, भाऊ," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मी विचारलं, "काय माहीत होतं?"

"उजवा गाल लिखेल शे ते. पेपर उना त्याच रोज मास्तरनी वाची दखाडं. मी म्हनं, डावा शे. मास्तर म्हने, जाय, सांगी ये."

"मग आला का नाहीत?"

नंदुरबार त्याच्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर होतं. पेपर आला त्या दिवशी ती नवापूरच्या फलाटावर बसलेली होती, आणि त्यानंतरही चार दिवस तिथेच होती.

त्याने ब्लॉक माझ्या टेबलावर ठेवला, अगदी हळू, जसा फुटणारा असावा. फोटो फडक्यात गुंडाळला.

"तुमीच बोलनात ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, माझंच त्या दिवशीचं वाक्य आपल्या बोलीत म्हणून तो मला खरंच समजावून सांगत होता. "आमनं काम आमले कयस. माले वाटनं, छापामा डावा-उजवानी तुमनी काही रीत व्हई. तुमी शिकेल मानसं."